उन्हात लॅपटॉप दिसत नाही? ब्राइटनेस नंतर वाढवा, आधी तुमच्या पाठीमागे काय आहे ते बघा

भर उन्हात लॅपटॉप उघडला की पहिला हात जातो तो ब्राइटनेसच्या बटणावर, ते फुल्ल करून झालं की मग डोळे किलकिले करायचे, हाताचा आडोसा धरायचा, मान वाकडी करून काही दिसतंय का बघायचं आणि शेवटी "ह्याची स्क्रीनच बेकार आहे" म्हणून झाकण बंद. माझं निम्मं काम मोकळ्यावरचं आहे, उघड्यावर बसवलेले सेन्सर असतात, त्यांच्या डेटा लॉगरला लॅपटॉप जोडायचा, रीडिंग उतरवून घ्यायची आणि ग्राफ तिथल्या तिथे तपासायचा, कारण एखादा सेन्सर बंद पडला असेल तर ते जागेवरच कळायला हवं, परत आल्यावर कळून काय उपयोग. त्यामुळे उन्हात स्क्रीन वाचता येणं ही माझी रोजची गरज आहे, ह्यावर मी खूप वाचलंय, खूप करून पाहिलंय, आणि मला अगदी मनापासून वाटतं की आपण सगळे उगाच ब्राइटनेसच्या मागे लागतो, खरा घोळ वेगळ्याच ठिकाणी असतो.

घोळ असतो परावर्तनाचा. स्क्रीनवरून तुमच्या डोळ्यात एकाच वेळी दोन उजेड येत असतात, एक लॅपटॉपच्या आतल्या बॅकलाइटचा, ज्यात तुमची अक्षरं आहेत, आणि दुसरा बाहेरून काचेवर पडून परत फिरलेला, ज्यात अक्षरं वगैरे काही नाहीत, नुसतंच आभाळ आणि तुमचा स्वतःचा चेहरा आहे. हा दुसरा उजेड पांढऱ्या भागावरही पडतो आणि काळ्या अक्षरांवरही तेवढाच पडतो, त्यामुळे काळं काळं राहत नाही, करडं होतं, आणि अक्षर उठून दिसायचं बंद होतं. घरात हे जाणवत नाही कारण ऑफिसमधल्या टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स (एखाद्या जागेवर किती उजेड पडतोय ते लक्समध्ये मोजतात) उजेड असतो, मोकळ्या सावलीत तोच १० ते २० हजार लक्सपर्यंत जातो आणि टळटळीत उन्हात १ लाख लक्सच्या आसपास. म्हणजे आपल्याला जी जागा "सावलीच तर आहे" वाटते तिथेही ऑफिसच्या तीस-चाळीस पट उजेड असतो, डोळे जुळवून घेतात म्हणून कळत नाही एवढंच.

आता एक प्रयोग सांगते, हा प्रत्येकाने एकदा तरी करावाच. बाहेर जिथे बसून काम करणार आहात तिथे बसा, लॅपटॉप नेहमीसारखा समोर ठेवा आणि स्क्रीन पूर्ण बंद करा, स्लीप मोडला टाका किंवा ब्राइटनेस शून्य करा. मग त्या काळ्या स्क्रीनकडे नीट बघा. मला पहिल्यांदा जे दिसलं ते असं, वरच्या अर्ध्या भागात फिकट आभाळ, मधे माझं डोकं काळपट, आणि खाली माझा फिकट रंगाचा कुर्ता इतका लख्ख की त्याची बटणं मोजता येत होती, डावीकडे कोपऱ्यात मागच्या गाडीच्या काचेवरून आलेला एक कवडसा. आता स्क्रीन चालू केली तेव्हा बरोबर माझ्या डोक्याचा जो आकार होता तेवढ्याच भागातली अक्षरं स्वच्छ दिसत होती, आणि कुर्त्याच्या जागेवरची सगळी रीडिंग पुसट. एकच स्क्रीन, एकच ब्राइटनेस, फरक फक्त कशाचं प्रतिबिंब पडतंय ह्याचा. बंद स्क्रीनमध्ये जे काही उजळ दिसतंय ते सगळं तुमच्या अक्षरांच्या वाटेत उभं आहे, आणि त्यातलं बरंचसं तुम्हाला हलवता येतं.

थोडा हिशोब करून दाखवते कारण हिशोब बघितल्यावरच मला पटलं. स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात, बहुतेक साध्या लॅपटॉपची स्क्रीन २५० ते ३०० निट्सची असते, जरा बऱ्या लॅपटॉपची ४०० ते ५००. कोटिंग नसलेली साधी काच समोरून आलेल्या उजेडापैकी साधारण ४ टक्के परत फेकते. समजा तुम्ही १५ हजार लक्सच्या सावलीत पांढरा शर्ट घालून बसलात, तर तो शर्ट स्वतः जवळजवळ ३८०० निट्सने उजळलेला असतो (पांढरं कापड ८० टक्के उजेड परत देतं असं धरून), त्याचे ४ टक्के म्हणजे १५० निट्स तुमच्या स्क्रीनवर पसरलेत. स्क्रीन ३०० निट्सची असेल तर पांढरा भाग ३०० अधिक १५०, आणि काळं अक्षर शून्य अधिक १५०, म्हणजे फरक झाला ३ पट. वेबसाइटसाठी जे अॅक्सेसिबिलिटीचे नियम आहेत त्यात साध्या मजकुराला किमान ४.५ पट फरक हवा असं म्हटलंय, म्हणजे आपण नापास. आता ब्राइटनेस दुप्पट करा, ६०० निट्सचा महागडा लॅपटॉप आणा, तर फरक होतो ५ पट, जेमतेम पास. आणि ब्राइटनेस आहे तेवढाच ठेवून नुसता काळा शर्ट घाला, काळं कापड ५ टक्केच उजेड परत देतं, तर परावर्तन १५० वरून १० निट्सच्या आत येतं आणि फरक होतो ३० पट! हा कागदावरचा हिशोब आहे हे खरं, प्रत्यक्षात काचेवरची धूळ असते, चेहरा असतो, आजूबाजूचं काही ना काही पसरलेलं असतं त्यामुळे एवढा फरक काही मिळत नाही, पण तरीही नुसता शर्ट बदलून जे मिळतं ते नवीन लॅपटॉप घेऊन मिळत नाही, आणि हे मला कुणीतरी खूप आधी सांगायला हवं होतं.

म्हणून माझा पहिला नियम, उन्हातल्या कामाला गडद आणि न चमकणारे कपडे. उन्हात काळं घातलं की गरम होतं हे मान्य आहे, मी पण दिवसभर काळं घालून फिरत नाही, बॅगेत एक काळी सुती ओढणी ठेवते, लॅपटॉप उघडायच्या वेळेला ती पुढून छातीवर पसरून घेते, काम झालं की काढून टाकते. पाच सेकंदांचं काम आहे.

दुसरी गोष्ट बसायची दिशा. इथे बहुतेक जण उलटं करतात. सावली शोधतात, झाडाखाली येतात आणि लॅपटॉप बुंध्याजवळ सावलीत ठेवून स्वतः त्याच्यासमोर, पाठ उन्हाकडे करून बसतात, वाटतं की स्क्रीन सावलीत आहे मग झालं. पण स्क्रीन तर तुमच्या पाठीमागचं बघतेय ना, आणि तुमच्या पाठीमागे सगळं ऊन पडलेलं मैदान आणि आभाळ. त्यापेक्षा तुम्ही बुंध्याला टेकून बसा आणि लॅपटॉप मांडीवर घ्या, आता स्क्रीनला दिसतंय ते तुमचं अंग आणि मागचा गडद बुंधा, समोर ऊन असलं तरी ते स्क्रीनच्या पाठीवर पडतंय, काचेवर नाही. तुमच्या डोळ्यांना समोरचा उजेड त्रास देतो हे खरं, त्याला टोपी घाला, पुढे लांब झडप असलेली, आभाळाचा भाग झाकला गेला की डोळ्याची बाहुली जरा मोठी होते आणि स्क्रीन एकदम उजळल्यासारखी वाटते. गाडीतही तेच, डिकी उघडून लॅपटॉप आत ठेवून आपण बाहेर उभं राहायचं हे चुकीचं, आपण आत बसायचं, पाठ गाडीच्या आतल्या अंधाराकडे आणि लॅपटॉपची पाठ बाहेर. भिंत असेल तर भिंतीला पाठ, पण ऊन पडलेली पांढरी भिंत नको, ती तर पांढऱ्या शर्टाहून वाईट, कारण ती स्क्रीनभर पसरते.

आणि काहीच नसेल, अगदी मोकळं माळरान, तर छत्री. काळी छत्री. डोक्यावर नाही धरायची, पाठीमागे धरायची, दांडा खांद्यावर ठेवून छत्रीचा आतला काळा भाग स्क्रीनला दिसेल अशी. मोठ्या छत्रीत डोक्यावरची सावली आणि पाठीमागचा काळा पडदा दोन्ही एकदम जमतं. आतून चंदेरी असलेली छत्री मात्र अजिबात घेऊ नका.

स्क्रीनचा कोन हा अजून एक प्रकार. आपण सवयीने झाकण मागे पाडतो, मांडीवर लॅपटॉप असला की जास्तच, आणि मागे पडलेली स्क्रीन तुमच्या डोक्यावरून थेट आभाळ बघते. निळं आभाळ दिसायला शांत असलं तरी काही हजार निट्सचं असतं, आणि पातळ पांढरे ढग असले तर त्याहून जास्त. लॅपटॉप थोडा उंच घ्या, एखाद्या बॅगेवर किंवा पेटीवर ठेवा, आणि स्क्रीन सरळ उभी करा, म्हणजे आभाळाऐवजी तिच्यात तुम्हीच दिसाल, आणि तुम्ही काळं नेसलेले आहातच. एवढंसं हलवून कवडसा स्क्रीनच्या बाहेर जातो कधीकधी, दोन बोटं इकडेतिकडे.

हे सगळं सावलीपुरतं. ऊन थेट काचेवर पडत असेल तर मात्र शर्ट, छत्री, कोन कशाचाच उपयोग नाही. १ लाख लक्स उजेड पडतोय आणि स्क्रीनने त्यातला फक्त १ टक्का सगळीकडे विखुरला तरी ३०० निट्सच्या वर होतो, म्हणजे तुमच्या पूर्ण स्क्रीनएवढा धुरकट पांढरा उजेड फुकटात अक्षरांवर ओतला जातोय. तिथे एकच उपाय, ऊन काचेवर येऊच द्यायचं नाही, आणि त्यासाठी खोपा.

खोपा म्हणजे पुठ्ठ्याचा हूड, फोटोग्राफर लोक वापरतात तसा. विकतही मिळतात, घडी होणारे, चांगले असतात, पण घरी केलेला मला जास्त आवडतो कारण तो आपल्या लॅपटॉपच्या मापाचा असतो. जाड पुठ्ठ्याचा खोका घ्या, लॅपटॉपच्या रुंदीपेक्षा दोन-तीन बोटं जास्त रुंद. समोरची बाजू पूर्ण काढून टाका, खालची बाजू पण काढून टाका म्हणजे खोका लॅपटॉपवर वरून ठेवता येतो. खोली, म्हणजे स्क्रीनपासून तुमच्याकडे येणारी लांबी, स्क्रीनच्या उंचीपेक्षा जास्तच ठेवा, कमी ठेवली तर ऊन तिरपं झालं की आत शिरतं, सकाळ-संध्याकाळ तर बाजूच्या भिंती वरच्या छतापेक्षा जास्त महत्त्वाच्या होतात. मागच्या बाजूला खाली वायर जायला आणि वर गरम हवा जायला चांगली मोठी भोकं ठेवा, हे विसरू नका, का ते पुढे सांगते. आणि सगळ्यात महत्त्वाचं आतला रंग. पुठ्ठा तपकिरी ठेवलात तर अर्धा फायदा गेला, आतून काळं हवं आणि ते पण मॅट काळं, चकचकीत ऑइल पेंट नको, काळा ड्रॉइंग पेपर चालतो, काळं फेल्ट किंवा मखमल असेल तर फारच छान. मी बाजूच्या भिंतींचे सांधे काळ्या कापडी टेपने जोडलेत म्हणजे खोपा चपटा घडी होऊन बॅगेत लॅपटॉपच्या शेजारी बसतो.

एक गोष्ट खोपा केल्यावर लक्षात येते, कीबोर्ड. चंदेरी लॅपटॉप असेल तर कीबोर्डच्या भोवतीचा चकचकीत पत्रा खालून स्क्रीनवर उजेड फेकत राहतो, स्क्रीनच्या खालच्या पट्टीत तो दिसतो. हाताच्या मनगटाखाली काळ्या कापडाची पट्टी टाका. आणि अगदीच बारीक काही बघायचं असेल, ग्राफमधली फिकट रेष वगैरे, तर खोप्याच्या तोंडावरून काळं कापड आपल्या डोक्यावर ओढून घ्यायचं, जुन्या पेटी कॅमेऱ्यामागे फोटोग्राफर शिरायचा तसं. लोक बघतात, बघू देत, आतमध्ये स्क्रीन घरातल्यासारखी दिसते आणि ते महत्त्वाचं आहे.

आता सेटिंगकडे येते. ब्राइटनेस फुल्ल करायचाच आहे, त्याला विरोध नाही, पण तो खरंच फुल्ल झालाय का ते बघा. विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगमध्ये ब्राइटनेसच्या खाली "चेंज ब्राइटनेस बेस्ड ऑन कंटेंट" असा एक पर्याय असतो, तो स्क्रीनवर काय दिसतंय त्याप्रमाणे गुपचूप उजेड खालीवर करतो, बॅटरीवर असताना तर हमखास, तो बंद करा. बॅटरी सेव्हर किंवा एनर्जी सेव्हर चालू असेल तरी ब्राइटनेस कमी होतो, आणि काही लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची स्वतःची वेगळी पॉवर सेव्हिंग असते, इंटेलची वेगळी, एएमडीची व्हॅरी-ब्राइट नावाची, ती त्यांच्या त्यांच्या अॅपमध्ये जाऊन बंद करावी लागते. मॅकमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये "स्लाइटली डिम द डिस्प्ले ऑन बॅटरी" आहे तेही काढून टाका. नाइट लाइट, नाइट शिफ्ट असलं काही पिवळट चालू असेल तर तेही बंद, निळा उजेड कापला की एकूण उजेडही कमीच होतो.

२०२१ पासूनच्या मिनी-एलईडीवाल्या, म्हणजे हजारो बारीक दिव्यांचा बॅकलाइट असलेल्या, मॅकबुक प्रोमध्ये एक गंमत आहे, साध्या कामाला स्क्रीन ५०० निट्सवर थांबते पण एचडीआर, म्हणजे जास्त लख्ख उजेड दाखवणारा, व्हिडिओ लावला की १००० निट्स सलग आणि क्षणभर १६०० पर्यंत जाते, म्हणजे ताकद आत आहे पण रोजच्या कामाला मिळत नाही. व्हिविड, ब्राइटइंटॉश अशी छोटी अॅप आहेत ती हे कुलूप काढून सगळ्या स्क्रीनला तो उजेड देतात. २०२४ च्या एम४ मॉडेलपासून बाहेरच्या उजेडात साध्या कामालाही १००० निट्सपर्यंत मिळायला लागले. बॅटरी अर्थात भराभर उतरते.

डार्क मोड. इथे मी जरा आग्रही आहे. घरात डार्क मोड वापरा, रात्री वापरा, उन्हात अजिबात नाही. काळी स्क्रीन म्हणजे आरसाच, तुमचं सगळं प्रतिबिंब त्यात स्वच्छ दिसतं आणि डोळा सारखा त्या प्रतिबिंबावर फोकस करायला जातो, मग अक्षरावर परत यायचं, पुन्हा प्रतिबिंबावर, अर्ध्या तासात डोकं धरतं. पांढरं पान असलं की प्रतिबिंब त्या पांढऱ्यात बऱ्यापैकी बुडून जातं. शिवाय उजळ पानाकडे बघताना बाहुली लहान होते आणि अक्षराच्या कडा जास्त स्पष्ट दिसतात. म्हणून लाइट मोड, पांढरी पार्श्वभूमी, आणि अक्षरं काळी म्हणजे खरोखर काळी. हल्ली सगळीकडे करड्या अक्षरांची फॅशन आहे ती उन्हात फार छळते. मघाचाच हिशोब पुढे नेला तर, पांढऱ्यावर जो करडा रंग घरात ४.५ च्या नियमात जेमतेम पास होतो तो पांढऱ्या शर्टाच्या परावर्तनापुढे २.२ वर येऊन पडतो, म्हणजे जवळजवळ गायब. कोड लिहिणाऱ्यांच्या सोलराइझ्डसारख्या मऊ रंगांच्या थीम, डोळ्यांना सुखद म्हणून लोक लावतात, त्या बाहेर पहिल्या मरतात. टर्मिनलही पांढऱ्यावर काळं करून ठेवा, एक वेगळं प्रोफाइल बनवून "बाहेर" असं नाव देऊन टाका, एका क्लिकवर बदलता येतं.

विंडोजमध्ये कॉन्ट्रास्ट थीम असतात, विंडोज ११ मध्ये चार आहेत आणि त्यातली डेझर्ट नावाची उजळ पार्श्वभूमीची आहे, ती एकदा निवडून ठेवली की डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबून चालू-बंद करता येते, आणि हे शॉर्टकट पाठ असणं खूप गरजेचं आहे कारण स्क्रीन दिसतच नसते तेव्हा मेनूमध्ये जाऊन सेटिंग शोधणार कशी. मॅकला अॅक्सेसिबिलिटीमध्ये "इन्क्रीज कॉन्ट्रास्ट" आहे. माउसचा पॉइंटर मोठा आणि काळा करून ठेवा, उन्हात निम्मा वेळ पॉइंटर शोधण्यात जातो. एक्सेलवाल्यांनी तर दोन गोष्टी कराच, अक्षर मोठं, थोडं ठळक, आणि ऑप्शन्समध्ये अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन ग्रिडलाइनचा रंग फिकट करड्यावरून काळा करा, नाहीतर उन्हात सगळे आकडे पांढऱ्या पानावर तरंगत असल्यासारखे दिसतात आणि कुठली ओळ कुठल्या वेळेची हेच कळत नाही. चुकीच्या ओळीतलं रीडिंग वाचलं तर अख्खा अहवाल चुकतो, म्हणून मी ह्यावर एवढी बोलतेय.

गॉगलचं सांगायचं राहिलं. माझ्याबरोबर एक नवीन मुलगा यायचा, हुशार, पण एकदा घामाघूम होऊन धावत आला, "ताई, स्क्रीन गेली वाटतं, एकदम काळी पडली." मी म्हटलं, "अरे आधी गॉगल काढ बघू." काढला आणि स्क्रीन परत आली. गॉगल पोलराइज्ड होता. एलसीडी स्क्रीनमधून, म्हणजे बॅकलाइटवाल्या नेहमीच्या स्क्रीनमधून, जो उजेड बाहेर येतो तो एकाच दिशेने कंप पावणारा असतो कारण स्क्रीनच्या पुढ्यातच पोलरायझर, म्हणजे एका दिशेचाच उजेड पुढे सोडणारा पातळ पडदा, बसवलेला असतो, आणि पोलराइज्ड गॉगल दुसऱ्या दिशेचा असेल तर सगळा उजेड अडतो. किती अंधार होणार ते प्रत्येक लॅपटॉपच्या पोलरायझरच्या कोनावर ठरतं, मान तिरकी करून बघा, लगेच कळेल. पाण्यावरची, रस्त्यावरची चकाकी हे गॉगल छान कापतात कारण ती तिरप्या कोनातून येते, पण स्क्रीनकडे आपण समोरून बघतो, तिथे परावर्तन काही खास कापलं जात नाही, उलट स्क्रीनच काळवंडते. साधा गॉगल स्क्रीनचा उजेड आणि परावर्तन दोन्ही सारखंच कमी करतो म्हणजे अक्षरं काही जास्त ठळक होत नाहीत, डोळ्यांना आराम मिळतो तेवढा घ्या. त्या मुलाने नंतर साधा गॉगल घेतला.

स्क्रीन गार्डबद्दल लोक खूप विचारतात. मॅट गार्ड आणि अँटी-रिफ्लेक्टिव्ह गार्ड ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विकणारे दोन्हीला अँटी-ग्लेअर म्हणून मोकळे होतात. मॅट गार्ड परावर्तन कमी करत नाही, ते फक्त विखुरतो, म्हणजे तुमच्या शर्टाची बटणं दिसायची थांबतात पण शर्टाचा उजेड तिथेच, आता तो पसरट धुकं होऊन बसलाय. सावलीत, ढगाळ दिवसात, खिडकीशेजारी हे छानच वाटतं, पण थेट ऊन पडलं तर अख्खी मॅट स्क्रीन दुधाळ होते. खऱ्या अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंगमध्ये चष्म्याच्या काचेवर असतात तसे अतिशय पातळ थर असतात, थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात आणि ४ टक्क्यांचं परावर्तन १ टक्क्याच्या आसपास येतं. चांगलं कोटिंग ओळखायची खूण म्हणजे बंद स्क्रीनमधलं प्रतिबिंब जांभळट किंवा हिरवट आणि अंधुक दिसतं. दोन्ही एकत्र असलेल्या स्क्रीन सगळ्यात चांगल्या. आणि गार्ड लावताना मधे हवा राहिली तर परावर्तन करणारे अजून दोन पृष्ठभाग वाढले, त्यामुळे नुसते चुंबकाने अडकवायचे गार्ड मी उन्हासाठी घेणार नाही. स्क्रीन पुसा मात्र रोज, मायक्रोफायबरने, घरात न दिसणारे बोटांचे ठसे उन्हात पेटल्यासारखे चमकतात.

नवीन लॅपटॉप घेताना ओएलईडीच्या, म्हणजे बॅकलाइटशिवाय प्रत्येक ठिपका स्वतः उजळणाऱ्या स्क्रीनच्या, १० लाखास १ अशा कॉन्ट्रास्टच्या आकड्याला भुलू नका, तो अंधाऱ्या खोलीतला आकडा आहे, बाहेर आल्यावर काळा रंग किती काळा हे स्क्रीन नाही ठरवत, काचेवरचं परावर्तन ठरवतं. बाहेरच्या कामासाठी बनवलेले टफबुकसारखे रगेड लॅपटॉप १००० निट्सच्या वर जातात आणि त्यांच्या काचेवर मेहनत घेतलेली असते, ज्यांचं पोटच उन्हातल्या कामावर आहे त्यांनी त्यांचा विचार करावा. बॅकलाइट वाढवून जिंकायचं हा मार्ग मुळातच खर्चिक आहे, कारण एलसीडीमध्ये पोलरायझर अर्धा उजेड खातो, रंगांचे फिल्टर उरलेल्यातला दोन-तृतीयांश, शेवटी दहातला एखादा भागही बाहेर येत नाही.

मला स्वतःला जो मार्ग पटतो तो बंद पडल्यासारखा झालाय ह्याचं खरंच वाईट वाटतं. २००७ मध्ये मुलांसाठी एक्सओ-१ नावाचा छोटा लॅपटॉप आला होता, वन लॅपटॉप पर चाइल्ड प्रकल्पाचा, त्याची साडेसात इंची स्क्रीन मेरी लू जेप्सन ह्यांनी अशी बनवली होती की घरात ती बॅकलाइटवर रंगीत चालायची आणि उन्हात बॅकलाइट बंद केला तरी ऊनच परत फेकून १२०० बाय ९०० ची स्वच्छ काळी-पांढरी दिसायची. ऊन जितकं जास्त तितकी स्क्रीन जास्त वाचनीय! त्यांनीच पुढे २००८ मध्ये पिक्सेल ची नावाची कंपनी काढली ह्याच स्क्रीनसाठी, पण लॅपटॉपवाल्यांनी ते उचललं नाही. तीच कल्पना आज मैदानी घड्याळांमध्ये जिवंत आहे, गार्मिनच्या बऱ्याच घड्याळांची स्क्रीन उन्हात झगझगीत दिसते ती ह्यामुळेच. लॅपटॉपला जोडायचे ई-इंकचे, म्हणजे किंडलसारख्या कागदी दिसणाऱ्या स्क्रीनचे, मॉनिटर मिळतात, दासुंग आणि बूक्सचे, मजकूर वाचायला आणि लिहायला उन्हात त्यांना तोड नाही, पण स्क्रोल करताना मागचा ठसा राहतो, माउस अडखळतो, व्हिडिओ विसरा. फक्त लिहिणारा माणूस असेल तर त्याने नक्की बघावा, माझ्या ग्राफला तो पुरत नाही.

शेवटी उष्णता, आणि खोप्याची भोकं ह्याचसाठी. अॅपल स्वतःच सांगतं की मॅकबुक १० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा, बाकीच्यांचंही थोडंफार असंच असतं, आणि हे हवेचं तापमान झालं, उन्हात ठेवलेल्या काळ्या झाकणाचं त्याहून कितीतरी जास्त होतं. आतून बॅकलाइट फुल्ल, बाहेरून ऊन, मग प्रोसेसर हळू होतो, काही लॅपटॉप स्वतःहून ब्राइटनेस उतरवतात आणि आपण वैतागतो की मघाशी दिसत होतं आता का दिसत नाही. स्क्रीन फारच तापली तर एलसीडीत काळपट डाग यायला लागतात, ते गार झाल्यावर जातात, पण तो इशारा समजा आणि लगेच सावलीत न्या. झाकणाच्या मागे पांढरं कापड टाका, ते ऊन परत फेकतं आणि स्क्रीनला दिसत नाही, म्हणजे तिथे पांढरं चालतं. काम थांबलं की लॅपटॉप उन्हात उघडा ठेवू नका आणि बंद गाडीत तर मुळीच नाही. चार्जिंग करायचं असेल तर आधी त्याला सावलीत गार होऊ द्या, तापलेल्या लिथियम बॅटरीला चार्जर लावला की ती लवकर म्हातारी होते.